मरीया दिसायला कशी होती

आमच्या मजल्यावर डिसेंबरात सकाळी पाय जपून टाकावा लागतो. समोरच्या मामींचं कोलम, म्हणजे इकडची ठिपक्यांची रांगोळी, त्यांच्या उंबऱ्यापासून निघतं ते थेट आमच्या पायपुसण्यापर्यंत येतं. मार्गळी महिना लागला की त्यांच्या अंगात येतं. एरवी चार ठिपक्यांत भागवणाऱ्या बाई या महिन्यात सगळा मजला व्यापतात. आमच्या दारावर नाताळची कागदी चांदणी टांगलेली असते, आणि तिची वायर जाते मामींच्या प्लगमध्ये, कारण आमच्या बाजूचा प्लग पावसात जळला तो जळलाच. एखाद्या पहाटे मला लावायला उशीर झाला तर मामी बेल वाजवतात. "करुणा, स्टार लाव ना. तुझ्या देवाच्या उजेडात माझं कोलम सरळ येतं."

मी चेन्नईत वेलचेरीला राहते, अड्यारला बँकेत जाते आणि शनिवारी दुपारी आमच्या चर्चमधल्या मोठ्या मुलींचा वर्ग घेते. मोठ्या म्हणजे तेरा ते सतरा. ज्या वयात आरशासमोर तासभर उभं राहायचं आणि आई बोलली की दार आपटायचं, ते वय. परवा वर्गात शिरले तर सगळ्या एका फोनवर वाकलेल्या. चर्चच्या ग्रुपवर कुणीतरी जुने फोटो टाकले होते, आणि त्यात येशूच्या आईसारखी निळी ओढणी घेतलेली, हात जोडलेली, तोंड अर्धवट उघडं असलेली एक मुलगी होती.

"अक्का, तुम्ही मरीया झाला होता?"

"झाले होते. म्हणजे अर्धी झाले होते."

"अर्धी म्हणजे?"

आता आली का पंचाईत! पोरींना अर्धं सांगून चालत नाही. त्यात खिडकीबाहेर तो इथला डिसेंबरचा भुरभुर पाऊस, सहामाही परीक्षा नुकत्याच संपलेल्या, आणि हॉलमध्ये कालच्या मेणबत्त्यांचा वास. या वासाने मला नेहमी ओढून तिथे नेलं आहे, माझ्या पंधराव्या वर्षीच्या डिसेंबरात.

त्या वर्षी जूनमध्ये बाबांची बदली झाली आणि आम्ही नगरहून चेन्नईला आलो. आईने ट्रंकेत सगळ्यांचे स्वेटर घेतले होते. ते स्वेटर आजही त्याच ट्रंकेत आहेत, कसर लागू नये म्हणून दर वर्षी उन्हात घालतो आणि परत ठेवतो. डिसेंबर म्हणजे नगरला हात चोळत चर्चला जायचं, तोंडातून वाफा काढायच्या. इथे डिसेंबर म्हणजे ओल्या चपला. आम्ही आलो त्या वर्षी पाऊस जास्त झाला आणि आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी गाड्या नेऊन पुलावर लावल्या. बाबा तीन मजले चढून वर आले आणि म्हणाले, "अगं, इथे गाड्यांनाही गच्चीवर झोपवतात." आई हसली नाही. तिला करंज्यांसाठी चांगला बारीक रवा मिळाला नव्हता.

पण हवा बदलली, भाषा बदलली, त्याचं एवढं नवल नव्हतं. नवल हे की माझा रंग बदलला.

नगरला मी काळी होते. आत्याच्या भाषेत 'आमची काळी मैना'. ती लाडाने म्हणायची, जवळ घेऊन म्हणायची, आणि मग आईकडे वळून हळू आवाजात सांगायची, "नाकीडोळी नीटस आहे गं पोर, रंगात तेवढा मार खाल्ला." मला ते ऐकू यायचं. लहान मुलांना हळू आवाजातलंच सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. आणि चेन्नईला आले तर भाजीवाल्या बाईपासून वर्गातल्या बाईंपर्यंत सगळ्या माझ्या गालाला हात लावून म्हणू लागल्या, काय गोरी पोर आहे! नॉर्थ इंडियन दिसतेय! नगर म्हणजे नॉर्थ इंडिया हे कळल्यावर बाबांना जेवताना ठसका लागला.

मला खरंच कुतूहल वाटायचं. मी तीच, साबण तोच. दौंडला गाडीत बसले तेव्हा तर काळीच होते, कारण आत्या निरोप द्यायला आली होती आणि तिने तसं म्हटलं होतं. मग कुठल्या स्टेशनात मी गोरी झाले? सोलापूरला? वाडीला? का गुंतकलला, रात्री झोपेत? मी गादीवर पडून हा हिशेब करत राहायचे. आवडायचंही मला, खोटं कशाला बोलू? पण आत कुठेतरी असंही वाटायचं की ज्या गोष्टीची किंमत एका गाडीच्या प्रवासात इतकी बदलते, ती गोष्ट मुळात कसली?

चर्चला मात्र मी रडकुंडीला आले. आई-बाबांनी जवळचं म्हणून तमिळ चर्च धरलं. मी तक्रार केली तर बाबा म्हणाले, "देवाला तमिळ येतं. तुला येत नाही, तर तू शिक." चपला बाहेर काढायच्या, बायकांच्या बाजूला बसायचं, सगळ्यांच्या वेणीत मोगरा, आणि पुढे तासभर एक अक्षर कळायचं नाही. गीताचं पुस्तक हातात धरून मी नुसते ओठ हलवायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी शेजारच्या मुलीने माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, फिरवलं आणि परत दिलं. मी ते उलटं धरलं होतं.

ती जेबा. जेबम म्हणजे प्रार्थना, म्हणजे आमच्याकडे जिचं नाव प्रार्थना असतं तीच ही. माझं नाव ऐकून ती तोंडावर हात ठेवून हसली, कारण इकडे करुणा हे एखाद्या मिशाळ काकांचं नाव. "तुला मी काका म्हणू का?" हे तिचं माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य, मोडक्या हिंदीत. पुढे आम्ही इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि हातवारे मिसळून काय वाटेल ते बोलायचो. इथे मी ते सगळं मराठीत लिहिते आहे, पण तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'डी' होता असं समजा. इकडे मैत्रिणीला 'गं' नसतं, 'डी' असतं.

जेबाचा आवाज! तो कसा सांगू? ती शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली की बाहेरचे शेअर ऑटोवाले हॉर्न वाजवायचे थांबत असं मी म्हणणार नाही. पण आतल्या बायकांची कुजबुज थांबायची, आणि ते जास्त अवघड. मला शब्द कळत नव्हते तेव्हासुद्धा तिने वाचलेलं मला कळायचं. आणि एवढा आवाज असून ही बया वाचून झालं की खाली मान घालून खांबाच्या मागे. गाण्याच्या पथकात शेवटच्या ओळीत. फोटो काढताना कुणातरी उंच मुलीच्या पाठीशी. जेबा सावळी नव्हती, चांगली काळी होती. काळी आणि तुकतुकीत. घरात तिला सगळे 'करुप्पी' म्हणत, म्हणजे काळुंद्री. तिची आई नर्स होती, दमून घरी आली की "करुप्पी, पाणी आण गं" म्हणायची, आणि तिच्या बोलण्यात माया सोडून काही नसायचं. तेच तर अवघड. कुणी रागाने म्हटलं तर उलट बोलता येतं. मायेने म्हटलेलं कुठे परत करायचं?

नोव्हेंबर संपताना नाताळच्या नाटकाची तयारी सुरू झाली. नाटक बसवायच्या सुगंती अक्का. त्या शाळेत गणित शिकवायच्या, स्कूटीवरून यायच्या, आणि त्यांच्या पर्समध्ये कायम टाचण्या आणि लिमलेटच्या गोळ्या असायच्या. प्रेमळ बाई. त्यांनी सगळ्या मुलींवरून एकदा नजर फिरवली आणि बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"करुणा मरीया."

"अक्का, मला तमिळ येत नाही!"

"येईल."

नाही आलं. दोन तालमींत सगळ्यांच्या लक्षात आलं की माझ्या तोंडून मरीयेचा एकेक शब्द दगड गिळल्यासारखा बाहेर येतो. नाटक बसवणारी दुसरी कुणी असती तर तिने मरीया बदलली असती. पण सुगंती अक्कांना मरीया भेटकार्डावरच्यासारखी दिसायला हवी होती, आणि भेटकार्डावरच्या मरीयेच्या त्यातल्या त्यात जवळ मीच होते. मग एका मुलीने तोडगा काढला. "अक्का, सिनेमात नाही का करत? नटी नॉर्थची, आवाज दुसरीचा. करुणा पुढे उभी राहील, जेबा पडद्यामागून बोलेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही! जेबानेही टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, पण टाळ्या जरा जास्तच वेळ वाजवत होती.

तालमी मात्र धमाल झाल्या. पडद्याऐवजी हॉलमधलं लोखंडी कपाट होतं, जेबा त्याच्या मागे, मी पुढे. मी तोंड आधी उघडायचे, आवाज मागून यायचा. नाहीतर आवाज आधी आणि मी माशासारखी नंतर. शेवटी ठरलं की मी हात जोडले की जेबाने सुरू करायचं. देवदूत झालेली शीबा धिप्पाड होती, तिला हसू आवरायचं नाही, आणि तिची वाक्यं ऐकताना कपाटही खदखदायचं. आम्हाला वाटायचं, असं नाटक कुणी कधी केलंच नसेल.

मग एका संध्याकाळी आम्ही स्टेशनच्या जिन्यावर बसलो होतो. वरून लोकल गेली की जिना हलायचा. हातात तिखट-मीठ लावलेला पेरू, दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. जेबा पेरू खाता खाता अगदी सहज म्हणाली, "ख्रिसमस झाला की मी चर्चला यायची बंद होणार."

"म्हणजे? गावाला जाणार?"

"नाही. इथेच असेन. येणार नाही."

जानेवारीत आमच्या दोघींच्या दृढीकरणाचा वर्ग सुरू होणार होता. म्हणजे आता आपल्या तोंडाने सांगायचं की हा विश्वास माझा आहे, आईबापांनी दिलेला नुसता नाही. जेबा आईला सांगणार होती की मला ते करायचं नाही. मी का म्हणून विचारलं तेव्हा तिने पेरूच्या बिया थुंकल्या आणि म्हणाली, "देवाला माझा आवाज चालतो. मी चालत नाही. मग रोज त्याला आवाज तेवढा नेऊन द्यायचा आणि आपण कपाटामागे थांबायचं, हे कशाला?"

सगळ्या चेन्नईत माझी एकुलती एक मैत्रीण ती. ती नसेल तर मी परत ते पुस्तक उलटं धरून बसणार. पण खरं सांगते, स्वतःपेक्षा मला तिची काळजी जास्त वाटली. जिच्या वाचण्याने मला देव तमिळमध्येसुद्धा कळायला लागला होता, तिलाच तो नको झाला तर काय करायचं?

घरी आले तर आई करंज्या भरत बसली होती. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, सगळं फराळाचं होतं. डबे भरभरून मामींकडे आणि जेबाकडे जायचे, आणि तिकडून अच्चुमुरुक्कू यायचे, ती साच्यातून तळलेली फुलं. मी आईला सगळं सांगितलं. आईच्या हातातली करंजी तशीच राहिली.

"मरीया काय पावडर लावून बसली होती का देवदूत यायच्या वेळी? उन्हातान्हात विहिरीवर जाणारी पोर ती. जा, सांग त्या बाईला. नाहीतर मी येऊ?"

आई येणं म्हणजे नगरची आख्खी पेठ येणं. मीच गेले. सुगंती अक्का माझ्या झग्याला गोट लावत बसल्या होत्या. मी म्हटलं, मला मरीया नको, जेबाला द्या. त्यांनी दातातला दोरा तोडला. मग म्हणाल्या, "मी तिलाच आधी विचारलं होतं. ती नाही म्हणाली."

मी चाट पडले. हे जेबाने मला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला गाठलं तर ती एकदम उसळली. "कसं विचारलं ते नाही सांगितलं त्यांनी? पाहुणे चपला घालून दारात उभे असतात, तेव्हा आपण म्हणतो ना, जेवूनच जा की! तसं विचारलं. जेवून जाणारा पाहुणा आवडतो का मग कुणाला?"

सुगंती अक्का खोटं बोलत नव्हत्या आणि जेबाही नव्हती. अक्कांना वाटत होतं आपण विचारलं. जेबाला कळत होतं की आपल्याला विचारलेलं नाही. अशा विचारण्याला आम्ही बायका आयुष्यभर तोंड देतो, पण पंधराव्या वर्षी ते पहिल्यांदा उमगतं तेव्हा फार लागतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

मग बसल्या बसल्या जेबाला एक प्रश्न सुचला. तिचं असंच होतं. चिडली की तिला प्रश्न पडायचे. "पण मरीया दिसायला कशी होती? कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं असणारच, असं मला वाटलं. एवढी मोठी मरीया! जेबाने तिच्या आईचं मोठ्या टायपातलं शास्त्र, म्हणजे बायबल, घेतलं आणि अर्धा शनिवार-रविवार त्यात घालवला. बोट ठेवून, ओळीमागून ओळ. सोमवारी शाळेच्या गेटपाशी ती माझी वाट पाहत उभी. "नाहीये डी! कुठेच नाही! गावाचं नाव आहे. कुणाशी लग्न ठरलंय ते आहे. तिच्या नात्यातली अलीशिबा म्हातारी होती ते आहे. तिच्या नवऱ्याची, जखऱ्याची, वाचा बंद झाली ते आहे. आणि हिच्याबद्दल, नाक नाही, डोळे नाहीत, रंग नाही, उंची नाही. काहीच नाही!"

तिने पाळकांनाही विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "खरंच नाही. आणि हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." मग त्यांनीही घरी जाऊन परत वाचलं म्हणे.

पण जेबाचं एवढ्यावर थांबेना. आणखी एका दिवसाने ती म्हणाली, "अजून एक सापडलं. देवदूत येतो, तुला देवाचा पुत्र होणार एवढी मोठी गोष्ट सांगतो. आपण असतो तर काय विचारलं असतं? मीच का? माझ्यात काय आहे? ती हे विचारतच नाही. ती विचारते, हे होणार कसं. सायन्सच्या बाईंना हात वर करून विचारावं तसं."

मला हसू आलं. मी म्हटलं, "मग आता येशील ना जानेवारीत?"

"ते वेगळं," ती म्हणाली आणि बस पकडायला पळाली.

नाटकाच्या संध्याकाळी आवारात मांडव घातला होता, वर निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या पोटात पावसाचं पाणी साठलेलं. चर्चमधले काका अधूनमधून बांबूने ते पाणी ढकलायचे आणि कडेला बसलेल्या बायका किंचाळायच्या. आई-बाबा तिसऱ्या रांगेत. जेबाची आई ड्युटीवरून थेट आलेली, पांढऱ्या साडीत, मागच्या खुर्चीवर. मी निळी ओढणी घेऊन पाटावर बसले होते. माझ्या मागे पडदा आणि पडद्यामागे, मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, माईक धरून जेबा.

दिवे गेले, एक दिवा लागला, आणि शीबा देवदूत होऊन आली. तिला तशी मी तोवर पाहिली नव्हती. थर्माकोलचे पंख, त्यांवर चमकी, डोक्याभोवती सोनेरी तार. लोकांनी "आऽऽ" केलं. तिने तिचं सगळं बोलणं खड्या आवाजात केलं. आता माझी पाळी. मी हात जोडले, तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

मी तोंड मिटलं, परत उघडलं. मागे शांतता. माझ्या मनात एकच आलं, ती गेली. आजच गेली. ख्रिसमस होईपर्यंतही थांबली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरच्या बायकांना वाटलं की मी अभिनय करते आहे, कारण कुणीतरी "पाव्वम" म्हणालं, म्हणजे बिचारी. तेवढ्यात पडदा हलला. बाजूने जेबा बाहेर आली. नेहमीचा तपकिरी चुडीदार, हातात माईक, वायर पायात अडकलेली. ती वायर सोडवत सोडवत सरळ दिव्याच्या उजेडात आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मागून दोन-तीन पोरं हसली. जेबाने मान वर केली आणि शीबाकडे पाहत मरीयेचा प्रश्न विचारला, की हे होणार कसं.

पोरांचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी हात सोडले, तोंड मिटलं आणि पाटावर मागे सरकून बसले. मला आता काही काम नव्हतं. उरलेलं सगळं ती बोलली. शेवटी ती म्हणाली की तुझ्या म्हणण्याप्रमाणे होवो, तेव्हा काकांनी बांबू उचलला होता तो तसाच धरून ते उभे होते. सुगंती अक्का कडेला आधी डोक्याला हात लावून बसल्या होत्या, मग त्यांनी पदर तोंडाला लावला. नाटक संपल्यावर त्यांनी जेबाला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाल्या, "मी नीट विचारलं नव्हतं. चुकलं माझं." इतक्या सरळ कुणी मोठी बाई माझ्यासमोर कधी बोलली नव्हती. जेबाच्या आईने लेकीची ओढणी सारखी केली, परत केली, परत केली.

जानेवारीत जेबा दृढीकरणाच्या वर्गाला आली. पहिल्या बाकावर बसली आणि पाळकांना इतके प्रश्न विचारले की ते पुढच्या वेळी जरा उशिरानेच आले.

ही गोष्ट मी वर्गातल्या आधीच्या मुलींना बऱ्याचदा सांगितली आहे, परवा यांनाही सांगितली, आणि नेहमी एकाच अर्थाने. बघा, तिने धीर केला. लोक हसतील हे माहीत असून ती पुढे आली. तुम्हीही धीर धरा. मुली ऐकून घेतात. पण मला त्यांच्याकडे पाहून कळतं की ते कुठे लागत नाही. यांचं जग वेगळं आहे. फोटो टाकायच्या आधी त्यातलं नाक बारीक करायचं, रंग उजळायचा, आणि मग किती जणींना आवडलं ते पाहायचं. एखादीला ग्रुपमधून काढलं की तिला दोन दिवस जेवण जात नाही. आमच्यातली शायनी, वय चौदा, कुणी फोटो काढायला लागलं की फोनच तोंडासमोर धरते. मी तिला म्हणते, अगं देवाने तुला घडवलंय. ती मान डोलावते. देवाने घडवलंय हे तिला पटतं. बाकीच्यांना पसंत आहे का, हा तिचा प्रश्न असतो. कधीकधी वाटतं, मी त्यांना धीर धरायला सांगते म्हणजे वर एक आणखी काम सांगते. आधीच घाबरलेल्या पोरीला शूर व्हायलाही सांगायचं! पण दुसरं काय सांगावं, हे मला कळत नव्हतं.

परवा पोरी ऐकेचनात. त्यांना जेबा अक्कांशीच बोलायचं होतं. जेबा आता नागरकोइलला शाळेत फिजिक्स शिकवते. दुसरं काय शिकवणार ती! मी व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागे फळा, केसांत खडूची धूळ. "काय काका?" तिने मला विचारलं आणि पोरी खो खो हसल्या. इकडचं तिकडचं झालं. मग शायनीने, तोंडासमोर काही न धरता, विचारलं.

"अक्का, तुम्हाला भीती नाही वाटली? लोक हसले असतील तर?"

"हसले का? मला आठवत नाही."

मी मध्येच म्हटलं, "अगं, हसले होते. मी तिथेच होते. तू किती धीराने..."

"कसला धीर डी!" जेबा म्हणाली. "तालमीत मी कपाटामागे. नाटकाच्या दिवशी पडद्यामागे. शीबा आली आणि सगळे 'आऽऽ' करायला लागले. मी त्या देवदूताला रोज प्रश्न विचारत होते आणि तो मला एकदाही दिसला नव्हता. मला बघायचं होतं, बस. बाकी काही डोक्यातच नव्हतं."

इतकी वर्षं मी तिच्या नावावर केवढा धीर जमा करून ठेवला होता.

"मग?" शायनी फोनच्या अगदी जवळ सरकली. "दिसला?"

"दिसला ना. एका पंखाची चमकी गळत होती," जेबा म्हणाली. आणि मग हसून, "आणि तो माझ्याकडेच बघत होता."